कागदावरची वैदेही

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते, म्हणजे नंतर भांडण नको. मी व्हिसा देत नाही. आयुष्यात कुणालाही दिलेला नाही. तेवीस वर्षं नगरला एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात बसून मी लोकांचे पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरले, कागद क्रमाने लावले, वाकडे फोटो परत काढायला पाठवले आणि फोनवर बोलणी खाल्ली, एवढंच माझं काम. तरी आजसुद्धा केडगावात भाजी घ्यायला निघाले की मागून कुणीतरी म्हणतंच, "त्या बघ, व्हिसा देणाऱ्या साळवेबाई." पूर्वी मी थांबून समजावून सांगायची. आता मान हलवते आणि मेथीची जुडी बघते.

गाळा मागच्या वर्षी भाचीच्या हवाली केला. दिवाळीसाठी लेख मागायला संपादक आले तेव्हा त्यांनी सुचवलं की किती जणांना परदेशी धाडलंत ते लिहा. मी कधी मोजलं नाही. ज्यांचं काम सरळ झालं त्यांचे चेहरेही आठवत नाहीत, खोटं कशाला बोलू. आठवतात ते अडकलेले आणि अडवणारे. एका बाईंनी पासपोर्टच्या फोटोत नवऱ्याचा हात खांद्यावर हवाच असा हट्ट धरला होता, कारण लग्नानंतर दोघांचा धड फोटोच निघाला नव्हता. शेवटी मी आधी तसा एक काढून दिला, तेव्हा कुठे त्या एकट्या बसल्या. बेलापूरचे एक आजोबा लेकाकडे अमेरिकेला निघाले होते. परत येणार कशावरून, हा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारतात, म्हणून मी त्यांच्याकडून आठ दिवस उत्तर घोकून घेतलं. सातबारा, पासबुक, सगळं फाईलला लावलं. आजोबांनी मुंबईला जाऊन फाईल उघडलीच नाही. खिशातून आपल्या अकरा गायींचा फोटो काढला आणि साहेबाला एकेकीचं नाव सांगायला लागले. सातव्या गाईपाशी साहेबाने हात वर केला आणि व्हिसा मंजूर केला. परत आल्यावर आजोबा मला म्हणाले, की तुमची फाईल लई जड हुती, उगंच वागवली.

तर हे असं. पण सोनईच्या हिराबाई शेट्यांचं काम वेगळं होतं. तेवीस वर्षांत लोकांनी केलेले घोळ मी निस्तरले. हा एकच घोळ असा, की तो माझ्या स्वतःच्या तोंडातून झाला.

हिराबाई म्हणजे साठी ओलांडलेली, काटक, आवाजाने खणखणीत बाई. नवरा लवकर गेला. पाटाखालचं तीन एकर रान आणि विशाल हा एकुलता मुलगा, एवढा संसार. विशाल शेतकी पदवी घेऊन पॉलीहाऊसच्या कामात शिरला आणि तिथून थेट केनियाला गेला. तिकडे गुलाबाचे मोठाले मळे आहेत आणि त्या मळ्यांवर आपल्या नगर-नाशिककडची बरीच पोरं सुपरवायझर आहेत, हे पुण्याच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याच मळ्याच्या पॅकिंग शेडवर वांजिरू नावाची मुलगी कामाला होती. दोघांचं जुळलं. विशालने आईला फोनवर सांगितलं तेव्हा हिराबाईंनी दोनच प्रश्न विचारले, असं तो मला नंतर म्हणाला. कामाला कशी हाय, आणि तिच्या आईला पसंत हाय का.

लग्न सोनईलाच करायचं ठरलं. वांजिरूला भारतात यायला मी ई-टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरून दिला. तो ऑनलाईनच मिळतो, चार दिवसांत आला. एवढ्याशा कामासाठी मला लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण आलं आणि मी गेले. पुढच्या ओळीत गादीवर बसवलं मला. कुणी विचारलं की विशालचा मामा सांगायचा, "ह्यांनी आणली नवरी." मलाही ते आवडत होतं, नाही कशाला म्हणू.

मांडवात बायका नवरीकडे टकामका बघत होत्या. उंच, सावळ्याहून पुष्कळ काळी, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली, हिरव्या शालूत घामाघूम झालेली पोरगी. भावकीतली एक बाई तोंडाला पदर लावून पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, की लईच काळी हाय बया. हिराबाई आहेर घ्यायला निघाल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"आमचं रान बी काळंच हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यावरच इतकी वर्सं जेवतोय. तुजं काय म्हननं?"

वांजिरूला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण आपल्यावरून काहीतरी झालं आणि सासूने आपली बाजू घेतली, एवढं तिला बरोबर कळलं. तिने हिराबाईंचा हात धरला तो सप्तपदीपर्यंत सोडला नाही. गुरुजी वैतागले.

आता माझा पराक्रम. लग्न लागल्यावर आपल्याकडे नवरीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवीन नाव लिहितो. गुरुजींनी विचारलं, नाव काय ठेवायचं. कुणीच ठरवलं नव्हतं. विशाल म्हणाला, आहे तेच राहू द्या. भावकीतल्या बायकांनी गिल्ला केला की असं कसं, रीत म्हणजे रीत. हिराबाई गोंधळल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताई, तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच सांगा. मी ख्रिस्ती बाई, आमच्या घरात असलं नाव बदलणं कधी झालं नाही. मला गप्प बसता आलं असतं. पण पुढच्या ओळीत गादीवर बसवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "वैदेही." सगळ्यांनी वा वा केलं. विशालने तांदळावर वैदेही लिहिलं आणि टाळ्या पडल्या.

इथवर ठीक होतं. तांदूळ नंतर कोंबड्यांना जातात. पण मामाची आणि ग्रामसेवकाची दोस्ती होती आणि भाच्याला आहेर म्हणून मामाने ग्रामसेवकाला विवाह नोंदणीचा फॉर्म घेऊन मांडवातच बोलावलं होतं. जेवणं चाललेली, बाजूला टेबल टाकलेलं. ग्रामसेवकाने नवरीचं नाव विचारलं, मामाने नुकतं ऐकलेलं नाव सांगितलं. वैदेही विशाल शेटे. वयाचा पुरावा मागितला तेव्हा तिच्या पासपोर्टची झेरॉक्स माझ्याच पर्समधून मी काढून दिली. एका हातात बुंदीची वाटी होती. फॉर्मवर काय लिहिलंय ते मी बघितलं नाही. लोकांच्या फॉर्ममधली चूक लांबून हुडकणारी बाई मी, त्या दिवशी बुंदी खात होते.

तीन वर्षं कुणाला काही कळलं नाही. दोघं केनियात सुखाने नांदत होती. मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर विशालचा फोन आला. हिराबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. उजवा इतका वाकला होता की घरातल्या घरात खुर्ची ढकलत चालायच्या, आणि एकदा न्हाणीत पडल्या. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही बदलावे लागतील, आधी उजवा आणि दोन-अडीच महिन्यांनी डावा. संक्रांतीनंतरची तारीखही दिली. हिराबाईंनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, की सून आल्याबिगर मी टेबलावर चढत न्हाई.

शेजारीण आहे, भाची आहे, पैसे देऊन बाई ठेवू, विशालने सगळं सांगून बघितलं. त्याला स्वतःला दहा दिवसांच्यावर रजा नव्हती, कारण तिकडे जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबाचा सगळ्यात मोठा हंगाम. हिराबाई ऐकेनात. परक्या बाईच्या हाताने मला उठवस करून घ्यायची न्हाई, म्हणाल्या. वांजिरूला हे कळलं तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. विशालने मला विचारलं, तिला सहा महिने सोनईला राहता येईल असा कोणता व्हिसा आहे.

इथे थोडं धंद्याचं सांगते. परदेशी बायको किंवा नवरा सासरी यायचा असेल तर साधारण तीन वाटा असतात. पहिली ई-टुरिस्ट. घरबसल्या मिळतो, नातेवाइकांना भेटायला चालतो, पण केनियासारख्या बहुतेक देशांच्या लोकांना एका वेळी नव्वद दिवसच राहता येतं, आणि इथे आल्यावर वाढवून मिळत नाही. म्हणजे एक गुडघा होईल आणि दुसरा अर्ध्यावर टाकून तिला विमानात बसावं लागेल. दुसरी वाट एंट्री व्हिसाची. भारतीय माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तो मिळतो, जास्त मुदतीचा मिळतो, पण तिकडच्या आपल्या वकिलातीत अर्ज करावा लागतो आणि लग्नाचा दाखला लागतो. तिसरी वाट ओसीआय कार्डाची. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की अर्ज करता येतो आणि एकदा मिळालं की पुन्हा व्हिसाची कटकटच नाही. पण त्याला कित्येक महिने लागतात, चौकशी होते, आणि दाखला तिथेही लागतोच. नियम बदलत असतात, तेव्हा हे वाचून कुणी अर्ज भरायला बसू नका, आधी सरकारी वेबसाईट बघा.

मी विशालला म्हटलं, एंट्री व्हिसा. लग्नाचा दाखला पाठव, इंग्रजी भाषांतर करून घेते. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. मी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. वधूचे नाव, वैदेही. सरकारी कागदाप्रमाणे विशाल शेटे यांचं लग्न वैदेही नावाच्या बाईशी झालेलं होतं आणि त्या बाईला ना पासपोर्ट होता, ना जन्माचा दाखला, ना आईबाप. वांजिरूशी त्याचं कागदावर काही नातंच नव्हतं.

विशालला मी सगळं सांगितलं. नाव कुणी सुचवलं हे त्याला आठवत होतंच, पण पोरगं गुणाचं, एका शब्दाने बोललं नाही. उलट म्हणाला, मॅडम, वांजिरू आणि वैदेही एकच, असं प्रतिज्ञापत्र करून देऊ. ते चालतंही कधीकधी. पण समोरच्या अधिकाऱ्याला शंका आली आणि त्याने अर्ज नाकारला, तर नकाराची नोंद कायमची राहते आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मात ती सांगावी लागते. मला ती जोखीम घ्यायची नव्हती. नगरमधल्याच एका एजंटाने, नाव घेत नाही, मला सुचवलं की स्कॅन करून नाव बदलून टाका, तिकडं कोण बघतंय. त्याला मी जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मूळ नोंदच दुरुस्त करायची, असं मी ठरवलं. हातात अडीच महिने होते, आणि वकिलातीच्या कामाला त्यातला एक महिना सोडायला हवा होता. मी सोनईला गेले. जुना ग्रामसेवक बदलून गेला होता. नवीन मॅडम तरुण, हुशार आणि माझ्याहून काटेकोर. त्यांनी दाखला बघितला आणि सांगितलं की अक्षराची चूक असती तर केली असती, इथे अख्खी बाई बदलायची आहे, तालुक्याहून लेखी आल्याशिवाय मी हात लावणार नाही. मला राग आला. मग लक्षात आलं की त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, आणि राग जास्तच आला.

निघताना हिराबाईंकडे गेले. खुर्चीला धरून त्या दारापर्यंत आल्या. एवढं चालायला त्यांना किती वेळ लागला ते मी बघत उभी होते, आणि ते बघवत नव्हतं. मी त्यांना सरळ सांगितलं की घोळ माझा आहे. त्यांनी मला खाली बसवलं, चहा टाकला, उभं राहवत नव्हतं म्हणून ओट्याला रेलून टाकला. मग म्हणाल्या की ताई, रीत तर आमची हुती, तुमी निस्तं नाव सांगितलं. तारीख हुकली तर पुढची घेऊ. मी विचारलं, पुढची कधी मिळेल. त्या म्हणाल्या, डाक्टर म्हन्ला उन्हाळ्याच्या शेवटाला, पर तवर गुडघा ऱ्हातोय का बघू. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी नेवाशाला खेटे घालायला लागले. तालुक्याच्या कचेरीत एक साहेब होते, शांत स्वभावाचे, वयाने माझ्याएवढे. त्यांनी विचारलं की वैदेही आणि वांजिरू एकच, याला पुरावा काय. मी लग्नपत्रिका दाखवली, त्यात वांजिरू छापलेलं होतं. ते म्हणाले, पत्रिका छापखान्यात कुणीही छापतं. लग्नाचे फोटो दाखवले. फोटोवर नाव नसतं, म्हणाले. दोन खेपा अशा गेल्या. तिसऱ्या खेपेला मला सुचलं आणि मी कपाळावर हात मारला. मी त्यांना विनंती केली की ग्रामपंचायतीतलं मूळ रजिस्टर आणि त्याच्यासोबतचे कागद मागवा.

रजिस्टर आलं. फॉर्मवर वधूचे नाव वैदेही, बाळबोध मराठीत. आणि खाली वधूची सही, इंग्रजीत, ठसठशीत, वांजिरू. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की फॉर्मवर ती वैदेही आहे. सही करा म्हटल्यावर तिने स्वतःची केली होती. मागे टाचणीने लावलेली तिच्या पासपोर्टची झेरॉक्स, तीच सही, तोच फोटो. ग्रामसेवकाने त्यावर मूळ प्रत पाहिली असा शेरा मारून शिक्काही उठवला होता. खरी नवरी तीन वर्षं त्याच फाईलमध्ये बसून होती.

साहेबांनी दोन्ही सह्या नीट जुळवून बघितल्या. मग पेन खाली ठेवलं.

"हे नाव ठेवलं कुणी?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही काय करता?"

"लोकांचे फॉर्म तपासते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, पण हसू दाबायला त्यांना पाण्याचा ग्लास उचलावा लागला. मग त्यांनी माझ्याकडून तसं लिहून घेतलं. मी, अमुक अमुक, वधूचे नवीन नाव सुचवले, ते फक्त विधीपुरते होते, नोंदणीशी त्याचा संबंध नव्हता, आणि नोंदणीच्या वेळी मी हजर असूनही फॉर्म वाचला नाही. शेवटचं वाक्य त्यांनी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून लिहिलं. मामांचं प्रतिज्ञापत्र झालं, विशाल आणि वांजिरूची तिकडून रीतसर करून आली, आणि तालुक्याचं पत्र घेऊन मी सोनईला गेले तेव्हा त्या ग्रामसेवक मॅडमनी चहाही न घेता त्याच दुपारी नोंद दुरुस्त करून दिली. दाखला हातात देताना म्हणाल्या, मॅडम, आता एकदा वाचून घ्या. मी तिथेच उभी राहून, बोट ठेवून, तीनदा वाचला.

वांजिरूने नैरोबीला अर्ज दिला. तिला बोलावून विचारलं की सहा महिने तिथे काय करणार. तिने सांगितलं, सासूला चालायला शिकवणार. विशालने फोन करून मला व्हिसा मिळाल्याचं कळवलं, एक वर्षाचा, कितीही वेळा ये-जा करण्याचा. तेव्हा मी गाळ्यात होते आणि समोर केडगावचे एक जाडजूड गृहस्थ फोटो नापास झाला म्हणून माझ्याशी भांडत होते. मी त्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि त्यांना पेढे आणायला पिटाळलं. ते गेलेही.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी वांजिरू सोनईला पोचली. सहा महिन्यांच्यावर राहण्याची वेळ आली तर परदेशी माणसाला आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते, ती मी लगेच उरकली. चौकशीला एक हवालदार घरी आले, तर हिराबाईंनी त्यांना भजी खायला घालून सुनेचं इतकं कौतुक ऐकवलं की ते कागद विसरून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

उजवा गुडघा झाला, मग डावा झाला. मी महिन्यातून एकदा जायची. वांजिरू हिराबाईंना दोन्ही हातांनी धरून ओसरीवर चालवायची आणि मराठीत आकडे मोजायची. तेराला अडखळायची, मग हिराबाई तिला पुढचा आकडा सांगायच्या आणि त्या नादात चार पावलं जास्त चालायच्या. एकदा वांजिरूने तिकडच्या पद्धतीने मक्याच्या पिठाचं घट्ट उगाली केलं आणि बरोबर पालेभाजी. हिराबाईंनी खाल्लं, आणि मला हळूच सांगितलं की चव न्हाई पर पोट भरतंय. पुढच्या खेपेला गेले तर त्याच्यावर लसणाची चटणी आणि तेलाची धार घालून सासूसुना दोघी ताव मारत होत्या.

सहा महिने संपायला आठवडा राहिला होता. सकाळी अकराच्या सुमाराला दोघी गाळ्यात आल्या. हिराबाई काठी न घेता आल्या. रिक्षातून उतरून, रस्ता ओलांडून, आपल्या पायाने. मी उठून उभी राहिले आणि मला खरोखर रडू आलं. तेवीस वर्षांत गाळ्यात रडणारी माणसं पुष्कळ बघितली होती, पण टेबलाच्या माझ्या बाजूला पहिल्यांदाच. वांजिरू समोरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेली तेवढ्यात हिराबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की माझा पासपोर्ट काढायचाय.

मी म्हटलं, काढू की, लेकाकडे जायचं असेल. त्या नाही म्हणाल्या.

"तिच्या आईकडं जायचंय. तिचं बी गुडघं गेल्यात."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. वांजिरू रोज संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करायची. कॉल चालू असताना ती स्वयंपाकाला लागली की फोन हिराबाईंच्या हातात. दोन्ही बायकांना एकमेकींची भाषा येत नाही. मग काय बोलायचं, तर हिराबाईंनी आपला टाके घातलेला गुडघा फोनला दाखवला. पलीकडून त्या बाईनेही आपला झगा वर करून आपला गुडघा दाखवला, सुजून भोपळा झालेला. तेव्हापासून रोज गुडघे दाखवणं चालू झालं. हिराबाईंनी विशालकडून खोदून खोदून काढून घेतलं, की तिचंही ऑपरेशन ठरलेलं होतं, हिराबाईंच्या तारखेच्या आधीच ठरलेलं होतं. लेक भारतात जायची म्हणाली तेव्हा त्या माउलीने आपलं पुढे ढकललं. विशालला तिने कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

वांजिरूच्या आईचं नाव मी स्वतःच्या हाताने तीन फॉर्मांत लिहिलं होतं. जन्मगाव लिहिलं होतं, राष्ट्रीयत्व लिहिलं होतं. तिला घरी कोण बघतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, कारण ते विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. इतकी धावपळ करून मी एका आईसाठी तिची सून आणली आणि दुसऱ्या आईची लेक नेली, आणि वर पेढे वाटले. याचं वाईट मला अजून वाटतं.

मी हिराबाईंना म्हटलं, आता वांजिरू जातेच आहे की, ती बघेल आईचं.

"तिची रजा संपली," हिराबाई म्हणाल्या. "ती मळ्यावर, तिची आई लांब डोंगरात, घरात एकली. तिनं माजं सा म्हईनं केलं. आता तिच्या आपरेशनला मी जाते. मला आता समदं म्हाईत झालंय, पाय कसा उचलायचा, जिना कसा चढायचा, कवा दुखतं आन् कवा निस्तं भ्या वाटतं. वांजिरूला अजून बोलले न्हाई. न्हाई म्हनंल ती."

वांजिरू झेरॉक्स घेऊन आली आणि आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघायला लागली. आई काय म्हणतात, असं तिने तिच्या मोडक्या मराठीत मला विचारलं. मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं आणि पासपोर्टचा फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, गाव, सगळं हिराबाईंना विचारत गेले आणि प्रत्येक रकाना दोनदा वाचून दाखवला. ते झाल्यावर तिकडच्या प्रवेशाची माहितीही एका कागदावर उतरवून घ्यावी म्हटलं, म्हणजे पासपोर्ट आला की खोळंबा नको. कुठे राहणार, कुणाकडे, सगळी उत्तरं त्यांच्याकडे तयार होती. शेवटी मी परतीची तारीख विचारली.

"ती चालाया लागली की," हिराबाई म्हणाल्या.